ऊन-थंडी प्रथमोपचार वर्ग, एक दिवस, ५०० रुपये: जाऊन आलो, जसं होतं तसं सांगतो

जाऊन आलो त्याला तीन आठवडे झाले. दोघातिघांनी व्हॉट्सअॅपवर विचारलं कसा होता, पैसे वसूल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, परत परत टाईप करायला नको. वर्गाचं नाव टाकत नाही, कारण आयोजकांतले निम्मे ओळखीचे आहेत आणि खाली शिव्याही आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आधी मी गेलोच का ते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची आंब्याची दीडशे-एक कलमं आहेत. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी तोडणी जोरात होती, माणसं कमी पडली म्हणून नेपाळचा एक पोरगा नवीन घेतला, बावीस-तेवीसचा असेल, अंगाने काटक, कामाला वाघ. चौथ्या दिवशी साडेबारा-एकच्या सुमाराला त्याने हातातला झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, फेकून दिला आणि मुकादमाला आईवरून शिवी घातली. नंतर कलमाच्या बुंध्यालाच काहीतरी सांगत बसला. आमचा चुलतभाऊ म्हणाला, "ह्यो टाकून इलो हा." सगळे हसले, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. दारू उतरेल थोड्या वेळाने म्हणून त्याला मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, भिंतीला टेकवून बसवला आणि आम्ही परत कामाला लागलो. वीस-पंचवीस मिनिटं तो तिथे एकटा बसून होता. अंगातून घामाच्या धारा चालू होत्या, म्हणून ऊन लागलं असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शाळेपासून आमच्या डोक्यात एकच बसलेलं, ऊन लागलं की घाम थांबतो आणि कातडी कोरडी पडते.

मग तो ओकला आणि आडवा झाला. त्यानंतर आम्ही जे केलं ते एक एक करून त्या वर्गातल्या 'हे करू नका' वाल्या स्लाईडवर होतं. तोंड उघडून कोकम सरबत ओतलं, त्याला ठसका लागला. वहिनी कांदा ठेचून तळपायाला चोळत बसली. मी पॅरासिटामॉल शोधत होतो. शेवटी चौघांनी उचलून बोलेरोत कोंबला, काचा बंद, आणि पन्नास मिनिटांचा रस्ता. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "अंगावर पाणी का नाही ओतलंत?" उत्तर नव्हतं. बागेत पाच हजार लिटरची पाण्याची टाकी भरलेली होती हो, फवारणीसाठीची. पोरगा वाचला. चार दिवस अॅडमिट होता, लघवी काळपट होत होती, किडनीला मार बसला होता, नंतर हळूहळू आला वर.

तर ह्या वर्षी वर्गाचा मेसेज फिरला तेव्हा मी पहिल्या पाचात पैसे भरले.

आता शिव्या आधी उरकतो. एप्रिल महिना, वर पत्रा असलेला हॉल, चाळीसच्या वर माणसं आणि दोन पंखे, त्यातला एक नुसता मान हलवणारा. विषय उष्माघात! पाण्याचा जार अकरा वाजता संपला, दुसरा "येतोय येतोय" करत जेवणाला आला. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, प्रात्यक्षिक बहुतेक आपल्यावरच करणार आहेत. सर्टिफिकेटचे दीडशे वेगळे, हे मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. जेवणात बिर्याणी, दुपारी दीड वाजता, त्या उकाड्यात. पेज आणि सुकट दिली असती तर निम्म्या पैशात झालं असतं आणि लोक दुवा देत गेले असते.

पण शिकवणं चांगलं होतं हे मान्य करायला हवं. एक सर होते आणि एक सिस्टर, दोघांनीही वर्षानुवर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली, त्यामुळे पुस्तकी भाषा नाही. सरांनी सुरुवातच अशी केली की कोकणात उष्माघात होत नाही असं कोणाला वाटतं, हात वर करा. निम्मे हात वर, विदर्भात होतो म्हणे, आपल्याकडे खारा वारा असतो. मग त्यांनी १६ एप्रिल २०२३ ची आठवण करून दिली, खारघरचा महाराष्ट्र भूषणचा कार्यक्रम, १४ माणसं गेली, आणि त्या दिवशी पारा होता ३८ च्या आसपास. खारघर रायगड जिल्ह्यात, म्हणजे कोकणातच. रायगडातल्याच भिऱ्याला तर मार्च २०१७ मध्ये साडेशेहेचाळीस गेलेलं. हवामान खातं मैदानी भागात ४० ला उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, पण किनाऱ्यावर ३७ लाच, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर लाट जाहीर करतात. कारण आपल्याकडे हवेतच पाणी. घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला तर अंग गार होतं, आणि आपल्याकडे तो वाळतच नाही, नुसता बनियनमधून ठिबकतो. ३४ अंश आणि साठ टक्के दमटपणा असला तरी अंगाला चाळीसच्या वरचं वाटतं. वर सड्यावरचा कातळ खालून भाजतो तो वेगळाच.

आणि मग सरांनी ते वाक्य टाकलं जे ऐकून माझ्या पोटात कालवलं. म्हणाले, घामाकडे बघू नका, डोक्याकडे बघा. राबणाऱ्या माणसाला उष्माघात झाला तरी त्याला घाम येत असू शकतो. पायात गोळे आले, गरगरलं, मळमळलं, डोकं दुखलं पण माणूस शुद्धीत आहे, नीट बोलतोय, तर सावलीत आडवा करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी द्या, बहुतेक वेळा सावरतो, आणि अर्ध्या तासात सावरला नाही तर दवाखाना गाठा. पण बरळायला लागला, उगाच भांडायला लागला, तोल जातोय, झटके येतायत, झापड येतेय, तर आतलं तापमान ४० च्या वर गेलंय असं धरूनच चाला, मोजत बसू नका. सिस्टर म्हणाल्या, "आपल्याकडे असा माणूस दिसला की पहिलं निदान काय होतं? दारू." अख्खा हॉल हसला. मी नाही हसलो ह्या वेळी.

ओळखायची युक्ती त्यांनी सोपी दिली, साधे प्रश्न विचारायचे, वार कुठला, जेवलास काय, मालकाचं नाव काय. मी घरी आल्यावर ते आमच्या धंद्याप्रमाणे बदलून घेतलं, ते पुढे सांगतो.

सगळ्यात भारी भाग प्रात्यक्षिकाचा. उष्माघात झालेल्याला गार करायचं म्हणजे कपाळावर ओला रुमाल ठेवायचा नाही. आख्खा माणूस पाण्यात बुडवायचा, मान वर ठेवून. टब कोणाकडे असतो? तर सरांनी ताडपत्री काढली, आंब्यावर टाकतो तीच निळी, माझ्याबरोबर आलेल्या भाच्याला मध्ये झोपवला, सहा जणांनी कडा उचलून धरल्या म्हणजे झोळी झाली, सातव्याने डोक्यामागे उभं राहून काखेतून हात घालून धरलं म्हणजे डोकं खाली जाणार नाही, आणि पाईपने पाणी सोडलं. शंभर-सव्वाशे लिटरात छातीपर्यंत बुडाला. त्यात जेटीवरून आणलेला बर्फाचा चुरा दोन क्रेट ओतला आणि कडा आळीपाळीने वर-खाली करून पाणी हलवत ठेवलं. भाचा असा बोंबलला की खालच्या चहावाल्याने वर येऊन बघितलं. बर्फाला बांगड्याचा वास होता, पोरगं दोन दिवस अंग घासत होतं. पण बघा ना, ताडपत्री, पाणी आणि बर्फ ह्या तिन्ही गोष्टी आपल्याकडे कुठेही मिळतात, वेगळं काही आणायला लागत नाही. बर्फ नसला तरी नुसत्या विहिरीच्या पाण्याने करा, थांबू नका. तेवढंही जमत नसेल तर कपडे काढून सतत पाणी ओतायचं आणि सुपाने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने जोरात वारा घालायचा, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत.

आणि हे सगळं गाडीच्या आधी. एकाने १०८ लावायचा, बाकीच्यांनी पाणी. पहिल्या अर्ध्या तासात अंग गार झालं तर माणूस वाचायची शक्यता खूप वाढते, आणि आपल्याकडे अर्धा तास म्हणजे घाटीतून खाली उतरेपर्यंतच जातो. माणूस नीट बोलायला लागला किंवा कुडकुडायला लागला की थांबायचं, मग गाडी. जाताना पण काचा उघड्या, अंग ओलं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात थेंबभर पण नाही, कुशीवर ठेवायचं. पॅरासिटामॉल कशाला नको ते पहिल्यांदा नीट कळलं. तापात मेंदूच आतली सेटिंग वर करतो, गोळी ती खाली आणते. इथे सेटिंग ठीक आहे, बाहेरून आलेल्या उष्णतेपुढे शरीर हरलंय, त्यामुळे गोळीला करायला कामच नाही, उलट आधीच शिजत आलेल्या लिव्हरवर आणखी बोजा. कांद्याबद्दल सिस्टर हसून म्हणाल्या, कांद्याने वाईट काही होत नाही, फक्त वेळ जातो.

नवीन माणसाचंही सांगितलं. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून नव्या गड्याला पहिल्या दिवशी पूर्ण काम द्यायचंच नाही, पाचवा हिस्सा द्यायचा आणि रोज थोडं थोडं वाढवायचं. आमचा पोरगा चौथ्या दिवशी पूर्ण पाटी भरून झेला मारत होता आणि मी कौतुक करत होतो.

आता थंडीचा भाग. बिर्याणीनंतर सर सुरू झाले, स्लाईडवर बर्फाचे डोंगर, लडाख, जवान, बोटं काळी पडलेली. मागे खलाशी मंडळी बसलेली, पंधरा-सोळा जण, त्यातले चार घोरायला लागले. मी पण मनात म्हटलं, हे कशाला इथे, आपल्याकडे जानेवारीत पहाटे फार तर स्वेटर लागतो. एवढ्यात मागून एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, उठले आणि म्हणाले, "सर, बर्फ आमी फक्त मासळीर टाकतो. हिमालयाचा ऱ्हवांदे, दर्यातला सांगा." सरांचं मोठेपण बघा, त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा काका, काय झालेलं?"

काकांनी सांगितलं ते असं. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टच्या पहिल्या फेरीत रात्री त्यांचा एक खलाशी लाटेने पाण्यात गेला, फ्लोटला धरून राहिला, सापडेपर्यंत फटफटलं. वर घेतला तेव्हा जिवंत, बोलत होता, कुडकुडत होता. ओल्या कपड्यात डेकवर बसवला, वारा तुफान. कोणीतरी एक क्वार्टर काढून दोन घोट दिले, दोघांनी हातपाय खसाखसा चोळले. थोड्या वेळाने कुडकुडणं थांबलं, सगळ्यांना वाटलं बरा झाला. मग तो जड जिभेने काहीतरी बोलायला लागला, हातातला कप सुटला, उभा राहायला गेला तर आडवा. "आमी म्हटला दारू चढली." जेटीला आणून दवाखान्यात टाकला तेव्हा कुठे कळलं, तो गारठला होता. वाचला तो पण.

हॉल शांत. सर म्हणाले, सकाळी सांगितलं तेच, फक्त उलट. परत दारूच. पण इथे तर दारू खरंच पाजलेली.

पुढचा तास म्हणजे ह्या वर्गातला सगळ्यात चांगला तास, आणि तो स्लाईडवर नव्हताच. आपलं पाणी कुठे थंड आहे म्हणतात, पण अंग ३७ आणि दर्या २७ धरा, दहा अंशांचा फरक, आणि पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. तासाभरात काही होत नाही, रात्रभरात होतं. वर काढल्यावर ओले कपडे आणि वारा मिळून उरलेलं काम करतात. आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, मराठीत सरळ गारठणं म्हणा. सुरुवातीला कुडकुडतो, आणि कुडकुडतोय तोवर शरीर लढतंय. जीभ जड होणं, पाय अडखळणं, हातातली वस्तू सुटणं, कारण नसताना चिडणं, ही खूण. ३२ च्या खाली गेलं की कुडकुडणं बंद होत जातं, आणि आपण नेमके तिथेच खूश होतो. काही जण तर ह्या अवस्थेत गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतात. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, वरून ऊब वाटते आणि आतली ऊब निघून जाते.

करायचं काय, तर वाऱ्याच्या आड न्यायचं, आडवं ठेवायचं, उभं करायचं नाही, चालवायचं नाही, धसमुसळेपणा अजिबात नाही, कारण गारठलेलं हृदय धक्क्यानेसुद्धा बिघडतं. ओले कपडे ओढाताण न करता कापून काढायचे, अंग टिपून कोरडं करायचं, खाली पण गोणपाट किंवा जाळ्याची गादी घालायची, नुसत्या फळीवर नाही, मग सुक्या चादरी, डोक्याला टोपी. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीला आणि काखेत, हातापायांना नाही, आणि थेट कातडीला नाही. चोळायचं नाही. नीट शुद्धीत असला, गिळता येत असलं तर गोड गरम चहा. आणि नाडी लागत नाही म्हणून लगेच गेला समजायचं नाही, श्वास निवांत मिनिटभर बघायचा, नसला तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून श्वास देणं, चालू करायचा आणि दवाखान्यात डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचं नाही. तटरक्षक दलाचा १५५४ किती जणांच्या फोनमध्ये सेव्ह आहे विचारलं तर तीन हात वर. त्याच वेळी सगळ्यांनी करून घेतला, हे एक काम चांगलं झालं. पाण्यात पडलेल्याने काय करायचं तेही झालं, लाईफ जॅकेट असेल तर गुडघे छातीशी घेऊन गोळा होऊन राहायचं, ऊब यावी म्हणून पोहत सुटायचं नाही, दोघं-तिघं असतील तर एकमेकांना बिलगून. एका तरुण खलाशाने विचारलं जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही त्याचं काय. सरांकडे चांगलं उत्तर नव्हतं, माझ्याकडे पण नाही.

संध्याकाळी किट विकायला काढलं, १२०० रुपये. हे मात्र मला पटलं नाही. आत कपाळाला लावायची थर्मामीटरची बंदूक होती. सकाळी सर स्वतःच म्हणाले होते की घामेजलेलं कपाळ बाहेरून गार लागतं, आकडा साधा दाखवतो आणि आपण फसतो, मग ती विकता कशाला? एक गार होणारा टॉवेल, नुसता मिरवायला बरा. दाबल्यावर थंड होणाऱ्या दोन पिशव्या, मुठीएवढ्या, माणूस गार करायला अशा पन्नास लागतील. गोड पेयाचे दोन डबे ओआरएस म्हणून. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने, असल्या पेयांवर ओआरएस लिहायला बंदी केलीय ना, जुना माल दिसत होता. खरं ओआरएस म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी, लिटरभर पाण्याला एक. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, त्याने पण चक्कर येते. एक चंदेरी चादर होती, चिप्सच्या पाकिटासारखी कुरकुरते, ती सुक्या अंगावर आणि वाऱ्याला आड असेल तर उपयोगी, डेकवरच्या वाऱ्यात पहिल्या मिनिटाला फाटेल. मी किट घेतलं नाही. तेवढ्या पैशात एक नवी जाड ताडपत्री, दहा पुड्या आणि एक थर्मासचा मोठा आइसबॉक्स सेकंडहँड आला, तो रोज बर्फाने भरून मांगरात असतो. पोरं त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवतात, ठेवूदेत.

मार्क द्यायचे तर उन्हाच्या भागाला पाचपैकी साडेचार, थंडीच्या भागाला तांडेल काका आले तर पाच नाहीतर दोन, व्यवस्थेला एक, किटला शून्य. आंबेवाले, चिरेखाणवाले, रापणकर मच्छीमार, सगळ्यांनी जावं, मुकादमाला बरोबर न्यावं, कारण उन्हात माणसांसोबत तोच असतो, मालक नाही. पाण्याची बाटली घरून न्या, दोन न्या. ट्रेनिंग देणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर एकच विनंती, हॉल बदला, नाहीतर सकाळी सात ते अकरा ठेवा.

तो नेपाळचा पोरगा ह्या वर्षी परत आला, मला वाटलं नव्हतं येईल. पहिले दोन आठवडे मी त्याला बारानंतर झाडाखाली बसवत होतो, पेट्या भरायला. आता साडेबाराला मुकादम एकेकाकडे जाऊन विचारतो, "पेटी किती डझनाची?" हाच आमचा प्रश्न, बागेतल्या कुणाला झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवा असा. सगळ्यांना कंटाळा आलाय. परवा तो पोरगा वैतागून म्हणाला, "पाच डझन, आज मंगळवार, आणि मी प्यायलो नाही."